स्क्रोल सॉवरचे लाकडी जाळीकाम: कोकणात नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

घराच्या नावाची पाटी, गणपतीचे मखर, देवघराची झालर, मुलांसाठी लाकडी कोडी अशा वस्तू स्वतःच्या हाताने कापाव्यात अशी इच्छा कोकणात अनेकांना असते. २०१८ मध्ये महाराष्ट्रात थर्माकोलवर बंदी आल्यानंतर दरवर्षी जपून वापरता येईल अशा लाकडी मखराकडे अनेक घरे वळली आणि त्यातून लाकूड कापणाऱ्या स्क्रोल सॉ या छोट्या यंत्राची चौकशीही वाढली. या यंत्राविषयीची बहुतेक माहिती कोरड्या, थंड हवेच्या देशांतल्या लोकांनी, तिथल्या लाकडासाठी आणि रोमन अक्षरांसाठी लिहिलेली आहे. ती वाचून इथे काम करायला बसल्यावर दमट हवा, वखारीत मिळणारे लाकूड आणि देवनागरी अक्षरांची ठेवण या तिन्ही ठिकाणी माणूस अडतो. ती अडचण कमी व्हावी म्हणून हा लेख लिहीत आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. जाळीकाम बिघडते ते बहुतेक वेळा यंत्रावर बिघडत नाही, कागदावर बिघडते. नमुन्यातला कोणता भाग राहणार, कोणता गळून पडणार आणि राहणारा भाग कशाच्या आधाराने राहणार, हे ज्याला खटका दाबण्यापूर्वी नीट वाचता येते, त्याचे साध्या यंत्रावरचे कामही देखणे होते.

१. यंत्राची निवड

स्क्रोल सॉमध्ये एक बारीक, उभे पाते यंत्राच्या दोन बाहूंमध्ये ताणून बसवलेले असते आणि ते शिलाई मशीनच्या सुईप्रमाणे जागच्या जागी वर-खाली होते. आपण फळी टेबलावर सपाट ठेवून तिला हाताने फिरवतो. पाते मागच्या आधारापासून जितके लांब, तितकी मोठी फळी त्यावर फिरवता येते. या अंतराला यंत्राचा गळा म्हणतात. नवशिक्यासाठी १६ इंची, म्हणजे सुमारे ४०० मि.मी. गळ्याचे यंत्र पुरेसे असते आणि घरगुती पाट्या, मखराच्या बाजू व कोडी त्यावर आरामात होतात.

खरेदी करताना किमतीआधी दोन गोष्टी पाहा. वेग कमी-जास्त करण्याची सोय हवी. साधारणपणे मिनिटाला ४०० ते १६०० फेऱ्या अशी ही कक्षा असते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे, ती म्हणजे यंत्राला कोणते पाते बसते. काही स्वस्त यंत्रांना फक्त टोकांना आडवी पिन असलेली पाती बसतात. आतली जाळी कापण्यासाठी पाते भोकातून ओवावे लागते आणि ती पिन आत जाण्यासाठी सुमारे ५ मि.मी.चे भोक पाडावे लागते. म्हणजे बारीक नक्षी बादच झाली. म्हणून सपाट टोकांची, पिन नसलेली ५ इंची पाती बसतील असेच यंत्र घ्या, किंवा ज्याला दोन्ही प्रकारची पाती बसतात असे घ्या.

अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून यंत्र आणवण्याचा विचार असेल तर तिथली वीज १२० व्होल्टची आहे आणि आपली २३० व्होल्टची, हे लक्षात ठेवा. योग्य क्षमतेच्या ट्रान्सफॉर्मरशिवाय ते यंत्र इथे लावले तर मोटर जळते. शिवाय तिथली वीज ६० हर्ट्झची आणि आपली ५० हर्ट्झची असल्याने काही मोटरींचा वेग ट्रान्सफॉर्मर लावूनही बदलतो.

यंत्राला लगेच पैसे घालायचे नसतील, तर हाताची फ्रेट सॉ घ्या. इंग्रजी यू अक्षराच्या आकाराची ही कमान करवत अगदी कमी खर्चात मिळते, तिला जवळपास तीच पाती लागतात, आणि टेबलाच्या कडेला खाच पाडलेली एक फळी क्लॅम्पने आवळली की काम सुरू करता येते. नमुना वाचण्याचे शिक्षण या करवतीवरही तितकेच चांगले होते.

२. पाती

पात्यांना क्रमांक असतात. क्रमांक लहान, तितके पाते बारीक. ३ ते ६ मि.मी.च्या प्लायसाठी १ ते ३ क्रमांक, ६ ते १२ मि.मी.साठी ३ किंवा ५, आणि १८-२० मि.मी.च्या फळीसाठी ५ किंवा ७ असा अंदाज धरावा. पहिल्या खरेदीत ३ आणि ५ क्रमांकांचे प्रत्येकी एक डझन घ्या, कारण पाते मोडणे हा या कामाचा नित्याचा भाग आहे आणि त्यात वाईट वाटण्यासारखे काही नाही. शक्य असेल तर उलट्या दातांची पाती मागवा. त्यांचे खालचे काही दात वरच्या दिशेने असतात, त्यामुळे फळीच्या खालच्या बाजूचे पापुद्रे उचकटत नाहीत.

पाते बसवताना दात समोर, तुमच्याकडे आणि खालच्या दिशेने असायला हवेत. बोट वरून खाली फिरवून ते तपासू नका. पाते उजेडात धरून डोळ्यांनी पाहा, किंवा कापडाच्या तुकड्यावर हलके ओढून पाहा. कापड अडकते ती दातांची दिशा.

किनाऱ्यावरच्या खाऱ्या, दमट हवेत ही पाती फार लवकर गंजतात. पाकीट फोडल्यावर उरलेली पाती घट्ट झाकणाच्या डबीत, मशीन ऑइलचा हलका हात लावून, सिलिका जेलच्या पुडीसह ठेवा. बसवण्याआधी तेल पुसून टाका, नाहीतर कापताना लाकडावर डाग पडतात.

३. लाकूड

सुरुवात ६ मि.मी.च्या प्लायने करा. प्लायच्या थरांचे रेषे, म्हणजे लाकडातले तंतू, एकमेकांना आडवे असल्यामुळे बारीक भाग कोणत्याही दिशेने सारखेच टिकतात, आणि नवशिक्याला हाच आधार हवा असतो. मात्र दुकानात प्लायची कडा नीट पाहून घ्या. थरांमध्ये पोकळी असेल तर नेमकी ती नाजूक जागी उघडी पडते. सराव साध्या प्लायवर चालेल. पावसाच्या झडीत राहणाऱ्या पाटीसाठी आयएस ७१० असा शिक्का असलेला मरीन प्लाय घ्यावा. त्यातला चिकट पदार्थ कठीण असल्याने पाती लवकर बोथट होतात, एवढे गृहीत धरा. एमडीएफ (लाकडाचे बारीक तंतू चिकटवून, दाबून केलेली फळी) कापायला मऊ आहे, पण त्याची धूळ अतिशय बारीक असून त्यातल्या चिकट पदार्थात फॉर्मल्डिहाइड असते. शिवाय आपल्या हवेत तो ओल धरून फुगतो. मी तो नवशिक्यांना सुचवत नाही.

भरीव लाकडाकडे वळाल तेव्हा शिवण सर्वांत सोयीचे. ते हलके आहे, पात्याला त्रास देत नाही आणि वाळल्यावर फारसे वाकडे होत नाही. फणसाचे लाकूड सुरुवातीला पिवळेधमक असते आणि वर्षागणिक तपकिरीकडे झुकते; देवघराच्या कामाला ते सुंदर दिसते. आंब्याचे लाकूड मुबलक आणि स्वस्त मिळते, परंतु ते लवकर वाळवले नाही तर त्यावर निळसर-काळे डाग पडतात आणि भुंगा लागतो, म्हणून फळीवर टाचणीच्या डोक्याएवढी भोके किंवा पिठासारखा भुसा दिसला तर ती परत ठेवा. सागाबद्दल सर्वांनाच ओढ असते. तो टिकाऊ आहेच, पण त्यातल्या सिलिकामुळे पाते लवकर झिजते आणि त्याच्या धुळीने काहींच्या त्वचेला खाज सुटते. माडाचे लाकूड तंतुमय आणि बाहेरच्या भागात अतिशय कठीण असते. हात बसेपर्यंत त्याच्या वाटेला जाऊ नये. सावंतवाडीच्या खेळण्यांसाठी पूर्वापार वापरला जाणारा पांगारा अतिशय हलका आहे, पण बारीक जाळीत तो सहज तुटतो; जाड, गोलाईच्या आकारांसाठीच तो ठेवावा.

स्वतःच्या परसातले झाड तोडून लाकूड करायचे मनात असेल तर थोडे थांबा. महाराष्ट्रात झाडे तोडण्याचे नियमन करणाऱ्या १९६४ च्या कायद्यानुसार साग, आंबा, फणस, खैर, ऐन, किंजळ अशी अनुसूचीतली झाडे स्वतःच्या जमिनीतली असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. जाळीकामाला लाकूड लागते तेही थोडेच. वखारीत किंवा ओळखीच्या सुताराकडे फळ्यांचे उरलेले तुकडे मिळतात. तेवढ्यात पाच-सहा पाट्या होतात. पावती मात्र मागून घ्या आणि जपून ठेवा.

ओल हा आपल्याकडचा मोठा प्रश्न आहे. जुलै-ऑगस्टमध्ये विकत घेतलेली फळी लगेच कापली तर दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत ती आकसते आणि जाळी वाकते. फळी घरात, जमिनीपासून उंच, मध्ये पट्ट्या ठेवून, हवा खेळेल अशी काही आठवडे ठेवावी. ताज्या कापलेल्या लाकडाला तर जाडीच्या दर इंचामागे सुमारे एक वर्ष वाळायला द्यावे असा जुना संकेत आहे. भिंतीला टेकवून उभी ठेवलेली फळी एका बाजूने वाळते आणि वाकते, हे टाळा.

४. नमुना वाचणे

जाळीच्या नमुन्यात सहसा काळा किंवा करडा भाग कापून काढायचा असतो आणि पांढरा भाग राहायचा असतो. काही नमुन्यांत नेमके उलट असते. म्हणून नमुना हातात आल्यावर पहिले काम हे: रंगीत पेन्सिल घ्या, राहणाऱ्या भागावर एका जागी टोक ठेवा आणि पेन्सिल न उचलता राहणारा सगळा भाग रंगवता येतो का ते पाहा. जिथे पेन्सिल उचलावी लागली, तिथला तुकडा कापल्यावर खाली पडणार. हत्तीचा डोळा, मोराच्या पिसातले वर्तुळ, कमळाच्या मधला गाभा असे तरंगते तुकडे नमुन्यात नेहमी आढळतात. त्यांना बाजूच्या भागाशी जोडणारी पट्टी आखावी लागते. या पट्टीला आपण पूल म्हणू.

पूल किती रुंद असावा? फळीच्या जाडीपेक्षा तो कमी नसावा, असा सोपा नियम धरा. ६ मि.मी.च्या प्लायमध्ये हात बसल्यावर ३ मि.मी.पर्यंत उतरता येते, सुरुवातीला उतरू नये. भरीव लाकडात पुलाची दिशाही पाहावी लागते. लाकडाच्या रेषांच्या (तंतूंच्या) दिशेने जाणारा पूल मजबूत असतो. रेषांना आडवा जाणारा पूल पॉलिश पेपरच्या हलक्या दाबानेही मोडतो. म्हणून नमुना चिकटवण्यापूर्वी त्यातले सर्वांत बारीक भाग कोणत्या दिशेने धावतात ते पाहून फळी फिरवून घ्या.

बहुतेकांना पहिली पाटी घराच्या किंवा आडनावाच्या अक्षरांची करायची असते, म्हणून देवनागरीबद्दल सविस्तर सांगतो. रोमन लिपीत प्रत्येक अक्षर सुटे असते आणि ते एकत्र ठेवायला मागे फळी लावावी लागते. आपल्याकडे शिरोरेषा हे काम आपोआप करते: अक्षरे तिला लोंबकळत राहतात आणि अख्खा शब्द एकसंध तुकडा म्हणून कापता येतो. हा मोठा फायदा आहे. त्याचबरोबर काही जागी हीच लिपी फसवते.

पहिली जागा अनुस्वाराची. ‘सावंत’, ‘आंबेवाडी’, ‘पांडुरंग’ यांतला टिंब कशालाही चिकटलेला नसतो. तो शिरोरेषेला टेकेल इतका खाली आणावा आणि टेकण्याची जागा निदान फळीच्या जाडीइतकी रुंद ठेवावी. ‘डॉ.’मधला अर्धचंद्रही अनेक छापील अक्षरवळणांत सुटा असतो, आणि त्याच शब्दातला पूर्णविराम तर पूर्ण सुटाच. मात्रा, वेलांटी, रफार शिरोरेषेला जोडलेले असतात, पण जोडाची मान अनेकदा केसाएवढी बारीक असते. ती पेनाने जाड करून घ्या.

दुसरी जागा थ, ध आणि भ या तीन अक्षरांची. त्यांच्या डाव्या बाजूला शिरोरेषा तुटलेली असते. ‘माधव’ हा शब्द छापून पेन्सिलची परीक्षा करा: ‘मा’ रंगवून झाल्यावर ‘धव’कडे जाताना पेन्सिल उचलावी लागते. म्हणजे कापल्यावर पाटीचे दोन तुकडे होणार. इथे शिरोरेषा सरळ ओढून फट बुजवावी असे वाटते, पण तसे करू नका, कारण त्या तुटलेपणावरच ही अक्षरे ओळखली जातात. रेष भरली की ध चा घ, भ चा म आणि थ चा य वाचला जातो. उपाय असा की अक्षरे थोडी जवळ सरकवून ‘ध’चे पोट आधीच्या कान्याला मध्यावर टेकवावे, किंवा सर्व अक्षरांच्या पायथ्याशी एक सलग पट्टी घ्यावी. दोन शब्दांची पाटी असेल तर मधल्या रिकाम्या जागेसाठीही हीच पायथ्याची पट्टी कामी येते. ती लाट, वेल किंवा होडीच्या आकाराची केली तर वेगळी जोडलेली वाटतही नाही.

तिसरी जागा बंद पोकळ्यांची. क, व, ब यांचे डोळे तर बंद असतातच, शिवाय प, म, स, य, घ यांत शिरोरेषेमुळे आतली जागा चारही बाजूंनी बंद होते. अक्षरे राहणार आणि भोवतालचा भाग जाणार अशा पाटीत या प्रत्येक पोकळीसाठी वेगळे भोक पाडावे लागते. उलट, फळी राहणार आणि अक्षरे कापून निघणार अशा पाटीत या पोकळ्यांतले तुकडे अक्षरांबरोबर गळून पडतात. ते पुलांनी जोडावेत, किंवा जपून ठेवून मागच्या फळीवर जागच्या जागी चिकटवावेत. मला स्वतःला अक्षरे राहणारा पहिला प्रकार नवशिक्यासाठी बरा वाटतो.

भरीव लाकडात आणखी एक पाहावे. शिरोरेषा आडवी असते, म्हणून रेषेही आडवे ठेवले की ती मजबूत होते, पण मग सगळे काने आणि उकार रेषांना आडवे पडतात आणि धक्का लागला की तुटतात. अक्षरांची पाटी म्हणूनच प्लायमध्ये करावी, किंवा भरीव लाकडाची अक्षरे पाठीमागे दुसरी फळी देऊन कायमची चिकटवावीत.

नमुन्यांची चढण अशी ठेवा. आधी नुसती बाहेरची कड असलेला आकार, उदाहरणार्थ कोयरी, मासोळी किंवा होडी. मग आत तीन-चार पोकळ्या असलेले पान. त्यानंतर तीन-चार अक्षरांचे नाव. पंचवीस-तीस पोकळ्यांची मखराची जाळी या सगळ्यानंतर. दुसऱ्याने तयार केलेला नमुना घरच्या वापरासाठी घेतला तरी वस्तू विकायच्या असतील तर त्याच्या अटी वाचून परवानगी घ्यावी.

५. जवळ असावे असे साहित्य

यंत्र आणि पात्यांखेरीज लागतात ते असे: लहान गुण्या, हँड ड्रिल आणि १ ते २ मि.मी.ची बिटे, दोन क्लॅम्प, मास्किंग टेप, पारदर्शक पॅकिंग टेप, गोंदाची कांडी, १२०, १८० आणि २२० नंबरचा पॉलिश पेपर, बारीक कानशींचा संच, डोळ्यांना बंद बाजूंचा चष्मा, एन९५ मास्क, आणि टेबलावर थेट प्रकाश टाकणारा दिवा. बिले आणि यंत्राचे वॉरंटी कार्ड एका पाकिटात ठेवा. किनारी भागात मोटर आणि स्विच यांना ओल लागण्याचे प्रमाण जास्त असल्याने त्या कार्डाची गरज पडू शकते.

६. नमुना फळीवर चढवणे

झेरॉक्सच्या दुकानात छपाई करताना ‘शंभर टक्के आकारात’ असे स्पष्ट सांगा. संगणक बहुधा पानात बसवण्यासाठी चित्र लहान करतो आणि मखराच्या डाव्या-उजव्या बाजू वेगवेगळ्या दिवशी छापल्या तर त्या जुळत नाहीत. छापल्यावर पट्टीने मोजून घ्या. मूळ कागद जपून ठेवा आणि कापायला नेहमी प्रत वापरा. शाईची इंकजेट छपाई दमट हाताने पसरते. लेझर किंवा झेरॉक्सची प्रत बरी.

फळी आधी घासून सपाट करा, भुसा पुसा, त्यावर मास्किंग टेपच्या पट्ट्या शेजारी शेजारी लावा आणि कागद त्या टेपवर चिकटवा, लाकडावर नव्हे. काम झाल्यावर टेपसकट कागद निघून येतो. पावसाळ्यात गोंद वाळायला नेहमीपेक्षा बराच वेळ लागतो. ओल्या गोंदावर कापायला बसलात तर कागद सुरकुततो आणि रेष हलते. कागदावरून पॅकिंग टेपचा एक थर द्या. पाते त्यामुळे कमी तापते आणि जाड किंवा कठीण लाकडाच्या कडा करपत नाहीत. टेप महिनोन्महिने फळीवर ठेवू नये, ती निघताना चिकटा मागे ठेवते.

७. यंत्राची मांडणी आणि सराव

पाते ताणल्यावर बोटाने हलके छेडा. स्पष्ट, उंच स्वर निघाला पाहिजे. बद्द आवाज आला तर ताण कमी आहे. सैल पाते वळणावर मागे वाकते आणि कापलेली कड तिरकी होते.

टेबल पात्याशी काटकोनात आहे का हे यंत्रावरच्या खुणेवरून ठरवू नका, लहान गुण्या पात्याला लावून पाहा. याहून पक्की परीक्षा म्हणजे एका जाड तुकड्यात थोडीशी खाच कापावी, यंत्र बंद करून तुकडा अर्धा फिरवावा आणि पात्याच्या मागच्या बाजूने तीच खाच पात्यावर सरकते का ते पाहावे. सहज सरकली तर टेबल काटकोनात आहे.

आता एका निरुपयोगी प्लायवर सरळ रेषा, लाटा, चौकोन आणि गोगलगायीसारखी वळणे आखून कापत राहा. पाते सरळ रेषेवरही बहुतेक वेळा उजवीकडे ओढते, हे तुमच्या लगेच लक्षात येईल. पाते तयार होताना त्याच्या एका बाजूला राहिलेल्या धारेमुळे असे होते. यंत्राशी झगडू नका. फळी किंचित तिरपी धरून पुढे न्या, तो कोन हाताला थोड्या सरावाने कळतो. फळी पुढे ढकलण्याचा जोर अगदी कमी ठेवा. पात्याला मागे वाक आलेला दिसला तर तुम्ही घाई करत आहात किंवा पाते बोथट झाले आहे. बोथट पात्याने काम रेटणे हे कडा करपण्याचे आणि रेष सुटण्याचे सर्वांत नेहमीचे कारण आहे.

८. भोके आणि कापणीचा क्रम

प्रत्येक पोकळीत, जाणाऱ्या भागात, कोपऱ्याच्या जवळ पण रेषेला न लागता भोक पाडा. ३ किंवा ५ क्रमांकाच्या पात्याला १.५ मि.मी.चे बिट पुरते. खाली टाकाऊ फळी ठेवूनच भोक पाडावे, आणि सगळी भोके झाल्यावर फळीची मागची बाजू पॉलिश पेपरने साफ करावी. ती पायरी गाळली तर भोकाभोवती उठलेले रेषे टेबलावर अडकतात आणि फळी झटके खाते.

कापणी आतून बाहेर करावी. मधल्या आणि सर्वांत लहान पोकळ्या आधी, मोठ्या नंतर, बाहेरची कड सर्वांत शेवटी. नाजूक भाग कापले जात असताना भोवतालची अखंड फळी त्यांना आधार देत असते, म्हणून हा क्रम आहे. एका पोकळीतून दुसऱ्या पोकळीत जाताना पात्याचे वरचे टोक सोडायचे, फळीतल्या पुढच्या भोकात ओवायचे आणि पुन्हा ताण द्यायचा. प्रत्येक वेळी स्वर ऐकायचा. पाते ओवण्याआधी यंत्राची वायर काढणे उत्तम, निदान स्विच बंद असल्याची खात्री हवी.

टोकदार कोपऱ्यात पाते थेट वळवू नका. एका रेषेने कोपऱ्यापर्यंत या, थोडे मागे या, जाणाऱ्या भागात लहान वळण घेऊन दुसऱ्या रेषेने पुन्हा कोपऱ्यात या. ‘क’चा डोळा किंवा कमळाच्या पाकळीचे टोक असेच स्वच्छ येते. एकसारखे अनेक तुकडे हवे असतील तर पातळ प्लायचे थर एकत्र टेपने बांधून १८ ते २० मि.मी. जाडीपर्यंत एकदम कापता येतात.

बोटे पात्याच्या समोरच्या रेषेत कधीही ठेवू नयेत, दोन्ही बाजूंना ठेवावीत. पाते अडकले आणि फळी उड्या मारू लागली तर ती वर उचलण्याचा प्रयत्न न करता टेबलावर दाबून धरा आणि यंत्र बंद करा. पायाने दाबायचा स्विच यासाठीच उपयोगी पडतो.

कोकणात यापेक्षा मोठा धोका विजेचा आहे. कापणी चालू असताना वीज गेली की माणूस पाते हातानेच सोडवू लागतो आणि त्याच वेळी वीज परत येते. वीज गेल्यावर पहिले काम स्विच बंद करणे आणि दुसरे काम वायर काढणे, हे घरातल्या मुलांनाही शिकवून ठेवा. यंत्राला आर्थिंग असलेलाच प्लग द्या. पडवीत, ओल्या जमिनीवर, अनवाणी काम करू नका.

९. घासणी आणि पॉलिश

कागद आणि टेप ओढताना बारीक पुलांच्या दिशेने, सावकाश ओढावे. राहिलेला चिकटा टर्पेंटाइनने पुसला जातो. मग १२० पासून २२० पर्यंत क्रमाने घासा. आतल्या कडांना बारीक कानस लावा, आणि नाजूक जाळी नेहमी सपाट पाटावर ठेवूनच घासा.

घरातल्या वस्तूंना लाखेचे पॉलिश किंवा जवसाचे उकळलेले तेल दोन्ही चालतात. लाखेचे पॉलिश मुसळधार पावसाच्या दिवसांत करू नये, हवेतली ओल त्यात अडकून पांढुरका थर येतो. उघडीप पडून दोन दिवस ऊन मिळेपर्यंत थांबावे. तेलाच्या बोळ्यांबाबत विशेष काळजी घ्या. जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी गोळा करून टाकली तर ती आपोआप तापतात आणि पेटू शकतात. ती उघड्यावर एकेक पसरून पूर्ण वाळवा, मगच फेकून द्या. पॉलिश कोणतेही असो, पुढच्या आणि मागच्या दोन्ही बाजूंना सारखेच हात द्या, कारण एकच बाजू बंद केली की दुसऱ्या बाजूने ओल शिरून पाटी वाकते.

दारावर, बाहेर लावायच्या पाटीसाठी प्लायच्या सर्व कडा, आतल्या पोकळ्यांच्या कडांसह, बाहेरच्या वापराच्या पीयू (पॉलियुरेथेन) कोटिंगने किंवा ऑइल पेंटने भरून घ्याव्यात. पाणी तिथूनच शिरते. खिळे आणि साधे स्क्रू वापरू नका: खाऱ्या वाऱ्यात ते गंजतात आणि सागासारख्या लाकडावर लोखंडाभोवती काळे डाग उतरतात. स्टेनलेस स्टीलचे स्क्रू घ्या आणि पाटीच्या मागे, स्क्रूच्या जागी, ८-१० मि.मी.चे लहान ठोकळे देऊन पाटी भिंतीपासून सुटी ठेवा, म्हणजे पावसाचे पाणी मागून वाहून जाईल आणि हवा लागून दोन्ही बाजू वाळत राहतील.